ताटावरील अखत्यार

‘आमचं मूल काही खातच नाही’ ही कैफियत ज्याच्या कानी रोज येत नाही असा बालरोगतज्ज्ञ महाराष्ट्रात सापडणे कठीण; आणि ही कैफियत मांडणारे आईबाप बहुधा सुखवस्तू, सुशिक्षित व अपत्याच्या कल्याणासाठी रात्रीचा दिवस करणारे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे मूळ दारिद्र्यात किंवा अनास्थेत नसून अन्यत्र कोठेतरी शोधले पाहिजे, असे मानावे लागते. थोडी खोलवर चौकशी केली तर असे आढळते की काहीच न खाणारे हे मूल सकाळी चॉकलेटी भुकटी घातलेले दूध व चार बिस्किटे, शाळेच्या डब्यात सॉस किंवा जॅम लावून गुंडाळलेली पोळी, घरी परतताच वेफर्सचा पुडा, आणि दिवेलागणीच्या सुमारास वाडगाभर नूडल्स एवढे सारे पोटात घालून रात्री वरणभाताच्या ताटासमोर तोंड मिटून बसलेले असते. मग हातात घास घेऊन कोणीतरी त्याच्यामागे घरभर फिरते, समोर मोबाइलवर चित्रे सुरू केली जातात, आणि चित्रांत गुंगलेल्या त्या तोंडात, त्याला कळण्यापूर्वीच, घासामागून घास कोंबला जातो.

माझे म्हणणे असे आहे की अशा घरांत अखत्यारांची अदलाबदल झालेली आहे. काय खावे, केव्हा खावे आणि कोठे बसून खावे हे ठरविण्याचा जो अखत्यार स्वभावतः आईबापांचा, तो त्यांनी चार वर्षांच्या मुलाच्या हवाली केला. आणि किती खावे हे ठरविण्याचा जो अखत्यार त्या मुलाच्या भुकेखेरीज अन्य कोणाचाही असू शकत नाही, तो मात्र त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ विदुषीने १९८० च्या दशकात या दोन हद्दींची स्पष्ट आखणी करून ठेवली असून बालसंगोपनाच्या शास्त्रात ती आज मोठ्या प्रमाणावर मान्य झाली आहे. पण शास्त्राचा आधार बाजूला ठेवला तरी ज्या घरात वेळच्या वेळी एकच स्वयंपाक सर्वांसाठी होतो आणि ‘पोट भरलं’ म्हणणाऱ्या मुलाला पानावरून उठण्याची मुभा असते, त्या घरात जेवणाचा मामला इतका तंट्याचा होत नाही, हे कोणाही डोळस माणसाला दिसण्यासारखे आहे.

या बाबतीत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेत १९२६ साली आरंभलेल्या एका प्रयोगाची हकीकत आपल्याकडे अधिक माहीत व्हावयास हवी होती. नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या तान्ह्या मुलांसमोर साधे, शिजवलेले किंवा कच्चे, वेगवेगळ्या वाडग्यांत मांडलेले खाद्यपदार्थ ठेवावयाचे, जवळ बसलेल्या परिचारिकेने ना कशाकडे बोट दाखवावयाचे, ना घास पुढे करावयाचा, ना शाबासकी वा नापसंती दर्शवावयाची, आणि मुलाने स्वतः होऊन ज्याकडे हात केला तेवढेच त्याला भरवावयाचे, असा त्या प्रयोगाचा शिरस्ता होता. पंधरा बालकांवर कित्येक महिने, काहींच्या बाबतीत तर वर्षानुवर्षे, हा क्रम चालला. प्रत्येकाने आपल्या मर्जीनुसार निरनिराळी निवड केली, एखाद्या दिवशी एकाच पदार्थावर ताव मारला, दुसऱ्या दिवशी त्याला स्पर्शही केला नाही. आणि तरीही सारी बालके सुदृढ वाढली. मुडदूस झालेल्या एका बालकासमोर कॉडमाशाचे तेल ठेवले गेले, तेव्हा व्याधी बरी होईपर्यंत ते आपण होऊन ते तेल घेत राहिले व पुढे त्याने ते सोडून दिले. या वृत्तांतावरून ‘मुलांना हवे ते खाऊ द्यावे, निसर्ग सांभाळून घेतो’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला, पण तो डेव्हिसबाईंनी काढलेला निष्कर्ष नव्हे. १९३९ साली आपले निष्कर्ष मांडताना त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की साऱ्या प्रयोगाची गोम त्या चौतीस पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत धान्ये होती, भाज्या होत्या, फळे, दूध, मांस व अंडी होती. साखर नव्हती, मैदा नव्हता, तळलेले व डबाबंद असे काहीही नव्हते. बालकाला निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य होते. परंतु निवडीचे क्षेत्र कोणते असावे, हे एका जाणत्या प्रौढ व्यक्तीने आधीच ठरवून ठेवले होते.

घरोघरची ती यादी म्हणजे वाण्याकडे जाणारी वाणसामानाची यादी होय, आणि ती चार वर्षांचे मूल लिहीत नाही. ‘पण तो हट्टच करतो, त्याला दुसरे काही चालतच नाही,’ हे उत्तर मी पुष्कळ ऐकले आहे व ते देणाऱ्यांच्या थकव्याविषयी मला मनापासून सहानुभूती आहे; तथापि जो पुडा फडताळात नाही त्याच्यासाठीचा हट्ट फार दिवस टिकत नाही, आणि जो पुडा वरच्या फळीवर लपवून ठेवला आहे त्याच्यासाठीचा हट्ट कधीच संपत नाही. लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या खाण्याचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यातही हेच दिसून आले की डोळ्यांसमोर असूनही मनाई केलेल्या पदार्थाची ओढ मनाईमुळे वाढते. म्हणून घरात आणून त्यावर पहारा बसविण्यापेक्षा तो पदार्थ घरात नियमाने न आणणे हाच शहाणपणाचा मार्ग; मग वाढदिवशी, जत्रेत, प्रवासात किंवा पाहुण्यांच्या घरी तो समोर आला तर मुलाने तो आनंदाने खावा व त्यासाठी त्याला कोणी डोळे वटारू नयेत.

आता दुसऱ्या अखत्याराकडे वळू. वाग्भटाने अष्टांगहृदयात उदराचे चार भाग कल्पून त्यांपैकी दोन अन्नाने व एक द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. या विधानातील शरीरशास्त्र आज जसेच्या तसे स्वीकारावे असे नाही, परंतु भोजनाचे माप ताटात नसून खाणाऱ्याच्या उदरात असते हे त्यामागील तत्त्व मला फार मोलाचे वाटते. तान्हे मूल पोट भरताच तोंड फिरविते. ही तृप्तीची जाणीव त्याने कोणाकडून शिकलेली नसते, ते ती घेऊनच जन्माला येते. चित्रे दाखवून, गाणी लावून, गोड बोलून वा दरडावून आपण रोज ‘आणखी दोन घास’ भरवितो तेव्हा वस्तुतः आपण त्याला त्याच्या शरीराचे हे बोलणे ऐकू न येण्याचे शिक्षण देत असतो; आणि पुढे विशीत-तिशीत पोट भरल्यावरही त्याचा हात थांबत नाही, तेव्हा त्या शिक्षणाचा आरंभ कोणी केला याची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. पानात काही टाकू नये, अन्न हे पूर्णब्रह्म आहे, हा संस्कार मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. मुलाला हवे तेव्हा उठू दिले तर त्या संस्काराचे काय? माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या पंगतीच्या जुन्या वहिवाटीतच आहे. पंगतीत डाव्या बाजूस चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी, उसळ, अळूचे फतफते, मध्ये भाताची लहानशी मूद, असे प्रत्येक वस्तू थोडी थोडी वाढण्याचा प्रघात होता, आणि ज्याला हवे त्याच्यासाठी वाढपी पुन्हा येत असे. षड्रसांची ओळख करून देण्याची याहून उत्तम तजवीज मला ठाऊक नाही: कडू, तुरट, आंबट, तिखट असे सारे एका पानावर, प्रत्येक इतके अल्प की लहान मुलालाही त्याचे भय वाटू नये. मुलाच्या पानात आपण आपल्या हौसेचे माप वाढतो आणि ते संपविण्याची सक्ती करतो. त्याऐवजी दोन घासांचे वाढावे व त्याला पुन्हा मागू द्यावे, म्हणजे अन्नही वाया जात नाही आणि मूलही. पंगतीतील जिलब्यांचा व लाडवांचा आग्रह मात्र आपण जशाच्या तसा घरात आणला, हे दुर्दैव. जिभेला गोडाचे आमंत्रण करावे लागत नाही; कार्ल्याच्या भाजीचा आग्रह करणारा यजमान मी अद्याप पाहिला नाही.

आग्रहाचेच दुसरे रूप म्हणजे आमिष. ‘भाजी संपव, मग आइसक्रीम देते’ हे वाक्य इतक्या सद्भावनेने उच्चारले जाते की त्यातील हानी चटकन लक्षात येत नाही. बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एक अनोळखी चवीचे दुधाचे पेय देण्यात आले. काहींना ते पिण्याबद्दल बक्षीस मिळाले, काहींना ते नुसतेच मिळत राहिले. बक्षिसासाठी पिणाऱ्या मुलांची त्या पेयाविषयीची आवड वाढण्याऐवजी कमी झाली. याचे कारण मुलाच्या दृष्टीने अगदी उघड आहे: ज्या वस्तूसाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे, आणि जी वस्तू लाच म्हणून दिली जाते ती सर्वांत मूल्यवान. रोज रात्री होणाऱ्या या सौद्यात भाजी शिक्षा ठरते व साखर पारितोषिक, आणि हा निवाडा आईबापांच्याच मुखातून झालेला असल्यामुळे तो मुलाच्या मनावर कायमचा कोरला जातो.

मग न आवडणाऱ्या भाजीचे करावयाचे काय? दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटणे हा बहुतेक मुलांचा स्वभावधर्म आहे, तो हट्टीपणा नव्हे. नवी चव मुलाने स्वीकारण्यापूर्वी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती त्याच्यापुढे यावी लागते, असे या विषयातील अभ्यासकांना वारंवार आढळून आले आहे. आणि आपण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या नकारानंतरच ‘याला शेपू चालत नाही’ असा शिक्का मारून ती भाजी घरातून हद्दपार करतो. शेपू, मेथी, दोडका, पडवळ या भाज्या, काही न बोलता, त्याच्या पानात चिमूटभर येत राहाव्यात. तो आज बोट लावील, पुढल्या आठवड्यात चाटून पाहील, दोन महिन्यांनी कदाचित मागूनही घेईल. जिभेचे हे शिक्षण आपण समजतो त्याहून पुष्कळ आधी सुरू होते. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या ज्युली मेनेला यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या मातांनी गरोदरपणी किंवा बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात नियमितपणे गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचा पहिला घास इतर बाळांच्या मानाने अधिक खुशीने स्वीकारला. उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसून बाळ पहिला घास घेते तेव्हा त्याची जीभ कोरी नसते; घरातील स्वयंपाकाची चव तिच्यापर्यंत आधीच पोहोचलेली असते.

आणि म्हणूनच आईबाप स्वतः काय खातात हा या विषयाचा गाभा आहे. व्याख्यानाने मुलांना वळण लागत नाही, आणि जो पिता आपल्या पानातील भाजी बाजूला सारून लोणचे व पापड यांवर जेवण उरकतो, त्याने मुलाला जीवनसत्त्वांची महती सांगणे व्यर्थ आहे. येथे मला विशेषतः पुरुषांविषयी लिहावयाचे आहे. मूल बारीक असले तर आईने खाऊ घातले नाही, स्थूल झाले तर आईने लाडावले, भाजी खात नसेल तर आईने वळण लावले नाही, अशी सर्व फिर्याद एकाच व्यक्तीवर गुदरण्याचा आपल्या समाजाचा दस्तूर अन्यायाचा आहे. रविवारी सकाळी वडापाव, सामोसे आणि जिलबी घेऊन येणारा हात बहुतेक घरांत बापाचा असतो. रात्री उशिरा मोबाइलवरून पिझ्झा मागविणारा हातही बहुधा तोच. ‘मला ही भाजी नको’ हे वाक्य मुलगा प्रथम ऐकतो तेही पुष्कळदा त्याच्याच तोंडून. तेव्हा जबाबदारी आईबापांची म्हणताना ती दोघांचीही आहे, आणि ज्याच्या वाट्याला ती आजवर अत्यल्प आली त्याने आता ती अधिक उचलली पाहिजे.

पालकांवर सारा भार टाकून बाजाराला व सरकारला मोकळे सोडावे, असे माझ्या लिहिण्याचे तात्पर्य कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की वरून घातलेली साखर, मध, सरबते व फळांचे रस यांतून मिळणारी शर्करा एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहूनही कमी असावी. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे सुमारे सतरा ग्रॅम, अर्थात चहाचे चार चमचे. दुधात घालण्याच्या ज्या भुकट्या उंची व बुद्धी वाढविण्याचे आश्वासन देत आल्या, त्यांपैकी कित्येकांच्या डब्यावर शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमांच्या आसपास साखर असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले असे. अखेर २०२४ साली केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढून टाकण्याची सूचना केली, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाची व्याख्याच नव्हती. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून चरबी, मीठ व साखर यांचे आधिक्य असलेले पदार्थ हद्दपार करण्याचे फर्मान काढले; २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत त्यांच्या विक्रीस मनाई केली. या नियमांची बजावणी कशी होते हे कोणत्याही शाळेच्या फाटकाशी सुटीच्या वेळी उभे राहिल्यास दिसून येईल. परंतु कायदा पन्नास मीटरवर थांबतो. तेथून घरापर्यंतचा उरलेला रस्ता मूल आईबापांच्या हाताला धरून चालते.

गरिबांच्या घरची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तेथे उपदेशाची भाषा करण्याचा मला संकोच वाटतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती व सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. त्याच वेळी अतिरिक्त वजनाच्या मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीतील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले होते. दिवसभर मजुरी करणारी माता रडणाऱ्या मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवते व ते मूल टपरीवरून तळलेल्या चकत्यांचा पुडा घेऊन येते, यात तिची बेजबाबदारी नसून तिची निरुपायता आहे. तो पुडा भूक मारतो, पोषण करीत नाही, आणि खुंटलेपण व स्थूलता या दोन्ही आपत्ती एकाच गावात नांदू लागतात. तिला हवे आहे ते मुलांना दिवसभर सांभाळणारे पाळणाघर, नियमित चालणारी अंगणवाडी आणि शाळेतील पोटभर सकस भोजन. ज्या शासनाने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्यास आरंभ केला, त्यानेच २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी काढून घ्यावा, याचे समर्थन कोणत्याही हिशेबाने होऊ शकत नाही.

ज्यांच्या घरी धान्याची ददात नाही पण वेळेची आहे, अशा पालकांची अडचणही खरी आहे. पहाटे उठून लोकल गाठणाऱ्या पतिपत्नींनी रोज चार पदार्थ रांधावेत अशी अपेक्षा कोणी करू नये, आणि तशी आवश्यकताही नाही. आपल्या स्वयंपाकघरात झटपट होणाऱ्या सकस पदार्थांची परंपरा आधीच आहे: भाजणीचे पीठ घरात असले की थालीपीठ दहा मिनिटांत होते, भिजवलेल्या मुगाचे धिरडे त्याहून लवकर, मेतकूट-भात, नाचणीची आंबील, ताकातले पोहे, उकडलेले अंडे, शेंगदाणे व गुळाचा खडा यांना तर पाककौशल्यच लागत नाही. यांपैकी पुष्कळ पदार्थ आज घरांतून नाहीसे झाले ते कष्टांमुळे नव्हे, तर ते ‘साधे’ वाटतात म्हणून. मुलाच्या डब्यात इतर मुलांसारखे काहीतरी रंगीत असावे, ही आईबापांची लाज त्यामागे आहे. सुटीच्या दिवशी मुलांना मंडईत नेऊन भाजी निवडू द्यावी, मटार सोलायला, मेथी खुडायला, ताक घुसळायला बसवावे. ज्या भाजीला आपला हात लागला तिला तोंड लावण्यास मूल सहसा नकार देत नाही. आणि दिवसातून निदान एक जेवण सर्वांनी एकत्र, मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवून करावे. चरकसंहितेने आहारविधी सांगताना अन्नात मन ठेवून जेवण्यास सांगितले आहे, आणि ते प्रौढांनाही तितकेच लागू आहे.

यासाठी एक छोटी सूचना करतो. जून महिन्यात शाळा उघडल्यावर पहिली पालकसभा भरते, तीत गणवेश, शुल्क, बसमार्ग व परीक्षा यांचा ऊहापोह होतो. डब्याचा विषय निघालाच तर ‘पौष्टिक डबा द्यावा’ एवढ्या एका वाक्यावर तो संपतो. त्या सभेतील अर्धा तास केवळ आहारासाठी राखून ठेवावा. शाळेने आठवड्याच्या डब्याचे साधे वेळापत्रक सर्व पालकांच्या संमतीने ठरवावे, म्हणजे कोणाच्याही मुलाला भाजी-पोळीचा डबा उघडताना संकोच वाटणार नाही. वाढदिवसाला चॉकलेटे वाटण्याऐवजी फळे, चिक्की वा राजगिऱ्याचे लाडू वाटण्याचा ठराव करावा. आणि त्या सभेची नोटीस आईच्या मोबाइलवर न धाडता आईबाप दोघांच्या नावे काढून त्यावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात.